मोकळी केलेली बॅट

४ जून

प्रिय धाकटे,

कामाचं पत्र आहे, तेव्हा ख्यालीखुशाली शेवटी.

शाळेच्या बेसबॉल संघासाठी यंदा नव्या बॅटी घ्यायला मुख्याध्यापिका एकदाच्या तयार झाल्या आहेत. आहेत त्या तीन ॲल्युमिनियमच्या. एकीला पोचा आहे, एकीची मूठ खुळखुळते आणि तिसरी संघातल्या सगळ्यात मोठ्या मुलीलाच पेलते. तू कॉलेजचा संघ शिकवतेस, घरात खेळाच्या सामानाचा दुकानदार आहे, म्हणून तुला विचारते.

मला काय नको ते आधी सांगते. काट्यावर हलकी आणि हातात जड अशी बॅट नको. वजन टोकाकडे सरकवलेलं असलं की काटा काहीही सांगो, मनगट खरं सांगतं. माझी परीक्षा तुला ठाऊक आहे. मुलीला हात सरळ पुढे करून बॅट आडवी धरायला लावते आणि हजेरी घेते. हजेरी संपायच्या आत टोक खाली आलं तर ती बॅट तिची नव्हे. पोरी ओरडतात, "बाई, आज नुसते नंबर घ्या, नावं नको."

या सगळ्यात मला एका मुलीची काळजी आहे. संघात तिला खार म्हणतात. काडी आहे, पण चेंडू पिचरच्या हातातून सुटतानाच तिला दिसतो. शेवटचं वर्ष आहे. ऑक्टोबरात तुझ्या कॉलेजात खेळाडूंच्या जागांसाठी निवड आहे ना, तिथे तिला पाठवणार आहे. निवड झाली तर वसतिगृह आणि तीन वर्षांचं शिक्षण. नाही झाली तर काकाची लाँड्री आणि इस्त्री. घरी तसं ठरवूनच बसलेत.

निवडीला तू असशील म्हणून तिच्यासाठी शब्द टाकत नाहीये. टाकणारही नाही. तिला योग्य बॅट सुचव, बाकी ती बघेल.

गुडघा बरा आहे. तुझं वजन उतरलं का?

तुझी
ताई


१५ जून

प्रिय ताई,

वजन उतरलं नाही. विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे फारशी लाजही वाटत नाही.

तुझं पत्र मी आमच्या दुकानदारांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या ताईला बॅट विकायची म्हणजे बॅटीलाच परीक्षेला बसवायचं." तरी तीन पाठवतोय, आणि विकत नाही, वापरायला देतोय. कॉम्पोझिटच्या आहेत. धातूच्या नाहीत, तंतू आणि चिकटद्रव्य थरावर थर दाबून केलेल्या. लांबीच्या मानाने हलक्या, वजन मुठीकडे, फिरवायला लोण्यासारख्या. फक्त एक लक्षात ठेव. ॲल्युमिनियमची बॅट पहिल्या दिवशी जशी मारते तशीच शेवटच्या दिवशी. हिचं तसं नाही. कोरी असताना ही ठोकळ्यासारखी. शेकडो फटके बसले की आतले थर सैलावतात, मग चेंडू असा सुटतो की बघत राहावं. याला आम्ही बॅट मोकळी करणं म्हणतो.

वजन कॉलेजच्या नियमाचं घेतलंय. तुमच्या शाळांना याहून हलकी चालते, मला माहीत आहे. पण तुझी खार उद्या इकडेच येणार ना, मग आतापासून सवय झालेली बरी.

दोनतीन महिने मुलींना मनसोक्त मारू दे. मग या तिन्ही परत पाठव. बनवणाऱ्या कंपनीला वापरलेला माल बघायचा असतो. त्या बदल्यात तुला तीन कोऱ्या, शाळेच्या मालकीच्या. यात तुझा काही तोटा आहे का, शोधून दाखव.

तुझी
धाकटी


२२ जुलै

प्रिय धाकटे,

तोटा सापडला नाही. तुझ्या दुकानदारांना माझा नमस्कार सांग, आणि बॅटीला पहिल्याच दिवशी परीक्षेला बसवलं हेही सांग. पास झाली, जेमतेम. आठजणींचं टोक खाली आलं. कॉलेजचं वजन शाळेच्या मनगटांना जडच आहे. पण तुझं म्हणणं पटलं, म्हणून हजेरी थोडी भराभर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा.

तू लिहिलंस तसं मोकळं करणं चालू आहे. रोज शाळा सुटल्यावर सगळ्या रांगेत उभ्या राहतात. आधी हलके फटके, मग निम्म्या जोराने, मग पुऱ्या. प्रत्येक फटक्याला बॅट बोटभर फिरवायची, म्हणजे मार चारी बाजूंनी सारखा बसतो. चेंडू फेकायच्या यंत्रात टाकतात ते कडक चेंडू मी कपाटात बंद केलेत. ऊन नसलं तर बॅटीला हात लावायचा नाही असाही नियम केलाय, गार हवेत थर तडकतात म्हणून. पोरी म्हणतात, बाईंनी आमची इतकी काळजी कधी केली नाही.

लहान हातांना मूठ निसटत होती. म्हणून मी ग्रिप सोडली, तळाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी तिरकी गुंडाळली आणि ग्रिप वरून परत चढवली. आता करंगळी टेकते. परत पाठवताना काढून देईन.

संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीचं, आमच्या ठेंगणीचं, मनगट सुजलंय. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. तिची आई शाळेत येऊन मला बरंच बोलून गेली. ऐकून घेतलं.

खारीचं सांगते. तू पाठवलेल्यांतल्या तिसऱ्या बॅटीने काल तिने चेंडू मारला तो कुंपणाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर. मी फक्त "पाय सरकला" एवढंच म्हटलं. मनात काय म्हटलं ते तुला सांगायला हरकत नाही. ही मुलगी आपल्या दोघींपेक्षा चांगली खेळते.

ताई


२४ सप्टेंबर

प्रिय ताई,

घाईत लिहितेय. बॅटी आता परत पाठव. कंपनीचा माणूस या आठवड्यात यायचाय. ज्या गाडीने हे पत्र येतंय तिच्यातच तीन कोऱ्या आहेत, त्याच मापाच्या, त्याच वजनाच्या. त्याच ड्रायव्हरच्या हाती जुन्या दे. ट्यूबची पट्टी वगैरे सोडवत बसू नकोस, वेळ जाईल.

निळ्या मुठीची खास तुझ्या खारीसाठी. निवडीला तीच घेऊन ये म्हणावं, नव्याकोऱ्या बॅटीने हुरूप येतो.

आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही तोंडावर आल्यात. रात्री झोप नाही. प्राचार्य भेटले की माझ्याकडे बघून मैदानाकडे बघतात. तुला भेटल्यावर सांगेन.

धाकटी


१९ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

खारीची निवड झाली नाही, हे मला कॉलेजच्या छापील कार्डावरून कळलं. तुझ्याकडून चार ओळी आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तू परीक्षक होतीस, बंधनं असतील. मी विचारणार नाही.

त्या दिवशी शाळेत परीक्षा होती म्हणून मला तिच्याबरोबर येता आलं नाही. तिची आई आली होती. आई म्हणते, पोरीने सगळे चेंडू बरोबर मधोमध घेतले, पण ते जातच नव्हते, जवळच पडत होते. बाकीच्या मुली साध्या ॲल्युमिनियमच्या बॅटी घेऊन आल्या होत्या आणि त्यांचे लांब जात होते. मी तिला समजावलं, दडपण येतं, अंग आखडतं. निवडीआधी कोरी बॅट मोकळी करायला सवड मिळाली नाही, ही चूक माझीच. परीक्षेच्या पेपरांत डोकं होतं. जुन्या आणखी चार आठवडे राहू दे म्हणून तुला कळवायला हवं होतं. सुचलंच नाही.

आता गंमत ऐक. दोन दिवसांनी ती मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, पलीकडच्या जाळीत कॉलेजची कप्तान मारत होती ना, ती आमची बॅट होती."

"कशावरून?"

"वाजत होती तशी. तिसरी."

मी म्हटलं, "हरलीस तर हरलीस. दुसऱ्याच्या बॅटीवर आळ घेऊन काय होणार? त्या बॅटी कंपनीत गेल्या. आणि त्या मॅडम माझी सख्खी बहीण आहेत." वर्गापुढे बोलले. ती मान खाली घालून गेली. तेव्हापासून मैदानावर येत नाही.

तिला परत मैदानावर आणायचं तर तुझं एखादं पत्र तिच्या नावाने आलं तर बरं. खेळ चांगला आहे, पुढच्या वेळी प्रयत्न कर, एवढंच लिही. तुझं लिहिलेलं ती जपून ठेवेल.

ताई


२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तिला पत्र लिहिते, नक्की लिहिते. सध्या इतकी धावपळ आहे की जेवणही उभ्याने. वाईट मलाही वाटलं गं. निवडीला बाहेरचे दोन परीक्षक होते आणि आकडे त्यांच्यापुढे होते. मुलगी गुणी आहे. तिला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस.

बॅटीच्या आवाजाचं वाचून हसले. या वयात मुलींना सगळंच ऐकू येतं.

तुझ्या गुडघ्यासाठी इथे एक चांगले डॉक्टर आलेत. दिवाणखान्यातला पंखाही बदललाय, ये की एकदा राहायला. फक्त स्पर्धा होऊन जाऊ देत, आत्ता मला तुझ्याकडे बघायलाही व्हायचं नाही.

धाकटी


२३ नोव्हेंबर

धाकटे,

स्पर्धा होऊ देत म्हणालीस. मी होईपर्यंत थांबले नाही. अंतिम सामन्याला तुला न सांगता आले होते. तू जिंकावंस आणि मागून येऊन तुझे डोळे झाकावे, असं काहीतरी बालिश डोक्यात होतं. छप्पन्नाव्या वर्षी.

तू जिंकलीस. छान खेळल्या तुझ्या मुली. तू चषकाजवळ फोटोसाठी उभी होतीस तेव्हा मी खेळाडूंच्या बाकापाशी पोचले. तुझ्या कप्तानाने मला ओळखलं, तुझ्या टेबलावर आपला फोटो आहे म्हणे. मला बसायला जागा दिली. मी म्हटलं, शेवटचा फटका सुरेख होता.

"माझं काही नाही मावशी, बॅटीचं आहे. धरून बघा."

धरली. ग्रिप नवी होती, पांढरी. तळाशी करंगळीखाली उंचवटा होता. तिरका, माझ्या डावऱ्या हाताने गुंडाळला की जातो त्या बाजूला. धाकटे, त्याच्यावर नवी ग्रिप चढवायला तरी माझी पट्टी सोडवायची होतीस.

"कोऱ्या बॅटीने इतकं जातं?" मी विचारलं.

"छे, कोरी कुठली? आम्ही सगळ्या प्रॅक्टिकल आटपून काळोखात मैदानावर येतो, आम्हाला कुठे वेळ? मॅडम कुठूनतरी मोकळ्या करून आणतात. कुठून ते सांगत नाहीत."

मी चहा घेतला नाही. पाच वाजताच्या गाडीने परतले.

कंपनीचा माणूस नव्हताच, असं मी समजते. तसं नसेल तर लिही. आणि ठेंगणीच्या आईला मी काय सांगू, तेही लिही.

ताई


१ डिसेंबर

ताई,

कंपनीचा माणूस नव्हता.

तू आलीस आणि न भेटता गेलीस, हे मला कप्तानाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून रोज कागद पुढे घेते.

प्राचार्यांनी उन्हाळ्यातच बजावलं होतं. यंदा चषक आला नाही तर संघ बंद आणि मैदान टेनिसला. माझ्या मुलींकडे दिवसाचा उजेड नाही. बॅट यंत्रात दाबून मोकळी केली तर नियमाबाहेर जाते, हाताने मारून केली तर चालते. मारायचं कुणी, हे नियमात कुठेच नाही, मी दोनदा वाचलं. आणि तुझ्याइतकी नीट मोकळी करून कोण देणार होतं? आळीपाळीने, चारी बाजूंनी, ऊन बघून. तुझी शिस्त मला लहानपणापासून माहीत आहे. मी तिच्यावरच भिस्त ठेवली. विचारलं असतं तर तू तुझ्या मुलींची मनगटं बघून नाही म्हणाली असतीस, हेही माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

खारीचं सांगते. कोरी बॅट घेऊन ती उभी राहिली की चेंडू जाणार नाहीत, हे मला कळत होतं. मला वाटलं, निवड माझ्याच हातात आहे, मी सांभाळून घेईन. परीक्षक बाहेरून बोलावलेत हे मला आदल्या संध्याकाळी समजलं. निवडीच्या वेळी त्यांनी विचारलं, "ही शाळेत कुंपणापार मारते असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" सांगायला एकच वाक्य होतं, की हिची बॅट कोरी आहे, आमची एक देऊन बघा. ती पलीकडच्या जाळीतच होती. पण देताच मुलीने ओळखली असती, आणि दोघा परीक्षकांच्या देखत. मी म्हटलं, शाळेतलं मैदान लहान असेल.

हे वाक्य मला खाऊन टाकतंय. तू रागाव. रागावून झालं की लिही.

धाकटी


५ डिसेंबर

धाकटे,

शाळेतलं मैदान लहान नाही. तू त्याच्यावरच शिकलीस.

मी खारीला घरी जाऊन सगळं सांगितलं. वर्गापुढे तिला बोलले होते, म्हणून वर्गापुढेही सांगितलं. बॅटीसकट, तुझ्यासकट. ठेंगणीच्या आईकडेही जाऊन आले. तिने दार उघडून ऐकलं आणि लावून घेतलं.

आता तुझं काम. त्या दोन परीक्षकांना लेखी कळव, की मुलीची बॅट कोरी होती, तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस. तिची निवडचाचणी पुन्हा घ्यायला सांग. मोकळ्या बॅटीने. बाकी माझ्याशी तुझा काय व्यवहार उरलाय ते नंतर बघू.

ताई


१४ डिसेंबर

प्रिय ताई,

लेखी कळवलं तर ते प्राचार्यांकडे जाणार. चषक कपाटात ठेवून तीन आठवडे झालेत, तो परत मागतील असं नाही, पण मला ठेवणार नाहीत. वीस वर्षं, ताई.

मी एक मार्ग काढलाय. एक मुलगी शिक्षण सोडून गेली, तिची खेळाडूंची जागा रिकामी झालीय. राखीव म्हणून खारीला घेता येईल. त्याला परीक्षक लागत नाहीत, माझी सही पुरते. वसतिगृह मिळेल, शिक्षण होईल. मैदानात उतरायला पहिलं वर्ष कदाचित जाईल, पण दुसऱ्या वर्षी मी तिला खेळवीनच. वचन देते.

नऊ जानेवारीच्या आत तिने वसतिगृहात यायला हवं, नाहीतर जागा जाईल; शाळेची परीक्षा ती मार्चमध्ये तिकडे येऊन देईल, कॉलेजचे वर्ग जूनपासून. तिला विचार. तू उत्तर देऊ नकोस, तिला विचार.

धाकटी


३ जानेवारी

प्रशिक्षक, महाविद्यालयीन बेसबॉल संघ यांस

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या सूचनेनुसार मुलीला विचारले. मी तिला सांगितले, की तुझ्या हक्काची जागा राखीव म्हणून घेऊ नकोस, मी परीक्षकांना स्वतः लिहिते, ते पुन्हा चाचणी घेतील. ती म्हणाली, "बाई, तुम्ही लिहिलंत तर त्या मॅडम जातील, मग संघ जाईल. मग मी कुठे खेळू?"

मी सबंध आयुष्य मुलींना सांगत आले, की चूक दिसली की बोलायचे. हिला बोलल्याबद्दल मीच गप्प केले होते, आता ती मला गप्प करते आहे आणि तिचा हिशोब माझ्यापेक्षा बरोबर आहे. आपल्याला वाचवण्यासाठी मी लिहीत नाही असे समजू नये. ती तेथे येणार आहे, म्हणून लिहीत नाही.

मुलगी आठ तारखेच्या सकाळच्या गाडीने पोचेल. सोबत आई आहे. सामानात बॅट नाही. ती तिची तिने निवडावी, आपण सुचवू नये. हातात धरून, फिरवून, हवी तर दिवसभर घेऊन बसू द्यावी. मोकळी करायची वेळ आली तर ती स्वतः करील, आणि मोकळी झाली की तिच्याच हातात राहावी. संघातल्या इतर मुलींसाठी तिच्याकडून फटके मारून घेऊ नयेत. तिला गार हवेत खोकला होतो, मैदानावर काळोखात सराव असतो तेव्हा स्वेटर घालायला सांगावे. ती विसरते. मागे लागल्याशिवाय घालत नाही.

दुसऱ्या वर्षी मैदानात उतरवण्याचे वचन आपण मला दिले आहे. ते मला नको. तिला द्यावे, आणि तिच्या देखत कप्तानालाही सांगावे.

तीन कोऱ्या बॅटी याच गाडीने परत करीत आहे. शाळेसाठी मी ॲल्युमिनियमच्या घेतल्या, शाळेच्या वजनाच्या. पहिल्या दिवसापासून मारतात.

माझ्या घरच्या पत्त्यावर यापुढे पत्र पाठवू नये, ते मी उघडणार नाही. मुलीविषयी काही कळवायचे असल्यास शाळेच्या पत्त्यावर, खेळ विभागाच्या नावे लिहावे. तेथे आलेली पत्रे मी वाचते, आणि उत्तर देणे माझे काम आहे.

क्रीडाशिक्षिका